फिलेमोनाला लिहिलेले पत्र घरसभेत एका बैठकीत कसे घ्यावे

बायबलच्या नव्या करारातली पौलाची बहुतेक पत्रे एका संध्याकाळी पुरी होत नाहीत. फिलेमोनाला लिहिलेले पत्र मात्र अवघ्या २५ वचनांचे आहे. सावकाश मोठ्याने वाचले तरी पाच मिनिटांच्या आत संपते. ऐरोली, कोपरखैरणे, कळवा, माजिवडा इथल्या घरसभांना माणसे ऑफिसातून, लोकलच्या गर्दीतून थेट येतात आणि साडेनऊला घरी जेवणाची वेळ झालेली असते. त्यांना सव्वा तासात पुरे होणारे हे पत्र सोयीचे पडते.

अडचण एकच. या पत्राभोवती एक तयार गोष्ट फिरते: अनेसिम नावाचा गुलाम आपल्या मालकाचे, म्हणजे फिलेमोनाचे, पैसे चोरून पळाला, रोमला गेला, पौलाला भेटला, पस्तावला आणि परतला. संडे स्कूलपासून ऐकल्यामुळे ती पत्रातच लिहिलेली आहे असे वाटते. पत्रात काय आहे आणि आपण काय भरले आहे, हे वेगळे करून दाखवणे हेच बैठक घेणाऱ्याचे मुख्य काम.

तयारी थोडीच. पूर्ण पत्र १४ पॉइंटच्या अक्षरात, वचनांचे आकडे काढून, कागदावर छापून घ्या. नव्या करारातले हे आकडे १५५१ साली रॉबेर एस्तियेन या मुद्रकाने घातले. पौलाच्या कागदावर ते नव्हते. आकडे गेले की लोक वचने वेचायचे थांबतात आणि पत्र पत्रासारखे वाचतात. आकडे असलेली प्रत फक्त तुमच्याजवळ ठेवा. माणशी एक प्रत, दोन जास्तीच्या, आणि पेन्सिली. मोबाइलवर वाचायला देऊ नका, कारण प्रत्येकाचे भाषांतर वेगळे निघते आणि पहिली दहा मिनिटे त्यातच जातात. गटात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही घरची माणसे असतील तर कोणी ‘संत पॉल’ म्हणेल, कोणी ‘पौल’. दोन्ही चालू द्या.

पहिले वाचन एकाने करायचे. बाकीच्यांनी कागद उलटे ठेवून फक्त ऐकायचे. त्याला कारण आहे. पत्र फिलेमोनाच्या नावाने असले तरी दुसऱ्या वचनात अप्फिया, अर्खिप्प आणि फिलेमोनाच्या घरी जमणारी मंडळी यांनाही उद्देशले आहे. म्हणजे मालकाकडे केलेली विनंती त्याच्याच दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर वाचली जाणार होती. कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलाचा निरोप नेणाऱ्या तुखिकाबरोबर अनेसिमही आल्याचा उल्लेख आहे. तेव्हा वाचन चालू असताना तो तिथेच उभा असण्याची शक्यता मोठी. एकाला दाराशी उभे करा, काही बोलू नको म्हणा. प्रवचनाने जे कळत नाही ते या एका उभ्या माणसामुळे कळते.

दुसऱ्या वाचनात पेन्सिल. आधी माणसांच्या नावांना गोल करायला सांगा: पौल, तीमथ्य, फिलेमोन, अप्फिया, अर्खिप्प, अनेसिम, आणि शेवटी सलाम सांगणारे एपफ्रास, मार्क, अरिस्तार्ख, देमास, लूक. एकूण अकरा. मग विचारा, ज्याच्यासाठी पत्र लिहिले त्याचे नाव कुठे येते? थेट दहाव्या वचनात. आणि खरी मागणी सतराव्यात: मला जसे घेशील तसे त्याला घे. तोवर पौल आभार मानतो, आपले वय सांगतो, कैदेची आठवण करून देतो, आज्ञा करू शकलो असतो पण विनवतो आहे असे म्हणतो. हा क्रम लोकांनी स्वतः शोधला पाहिजे. तुम्ही आधीच सांगून टाकलात तर पुढची चर्चा थंड पडते.

यानंतर पार्श्वभूमी, दहा मिनिटे, जास्त नाही. मंडळी कलस्सै इथली होती असे धरले जाते. हे गाव लुक्स नदीच्या खोऱ्यात, लावदिकीया आणि हेरापली या शहरांच्या शेजारी, आजच्या तुर्कस्तानातल्या देनिझली भागात होते. लोकरीसाठी त्याचे नाव होते. तिथे सुवार्ता पोचवली ती एपफ्रासाने. रोमी गुलामगिरीला कातडीच्या रंगाचा आधार नव्हता. युद्धात पकडलेला, गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, टाकून दिलेले मूल, असा कोणीही गुलाम होई, आणि कायद्याच्या दृष्टीने तो मालमत्ता होता. पळून गेलेल्याला डागणे, फटके, अगदी मरणसुद्धा मालकाच्या मर्जीवर होते.

आता तयार गोष्ट तपासा. ‘पळाला’ हा शब्द कागदावर शोधायला सांगा. सापडणार नाही. पंधराव्या वचनात तो काही काळ ‘वेगळा झाला’ एवढेच आहे, तेही ‘कदाचित’ लावून. अठराव्यात ‘त्याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा देणे असेल तर’ असे आहे. त्यातला ‘तर’ अधोरेखित करा. चोरीचा पुरावा एवढाच. पळून जाणे शक्य आहे, आणि चौथ्या शतकात योहान ख्रिसोस्तम या प्रसिद्ध धर्मोपदेशकानेही तसेच वाचले. पण दुसरी वाटही आहे. प्रोकुलस या रोमी कायदेपंडिताचे मत नोंदलेले आहे की मालक रागावला म्हणून रदबदलीसाठी त्याच्या मित्राकडे गेलेला गुलाम फरारी ठरत नाही. अनेसिम पौलाकडे असाच आला असेल का? त्याच काळाच्या आसपास धाकट्या प्लिनीने (रोमी अधिकारी आणि लेखक) साबिनियानस नावाच्या मित्राला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात रागावलेल्या मालकाला एका मुक्त केलेल्या गुलामासाठी क्षमा मागितली आहे. प्लिनी दया कर म्हणतो. पौल भाऊ मान म्हणतो. फरक तिथे आहे.

पौल कैदेत कुठे होता, यावर हमखास कोणीतरी वाद काढतो. दोन वाक्यांत उत्तर द्या: परंपरा रोम सांगते, साधारण इ.स. ६० ते ६२ हा काळ, काही अभ्यासक इफिस म्हणतात, कारण ते कलस्सैपासून सुमारे २०० किलोमीटरवर होते आणि ‘माझ्यासाठी राहायची खोली तयार ठेव’ ही बाविसाव्या वचनातली सूचना जवळच्या गावाला शोभते. मग पुढे चला. या वादाने अर्थ फारसा बदलत नाही आणि वीस मिनिटे सहज खाल्ली जातात.

खरा वेळ सोळा ते एकोणीस या वचनांना द्या. सोळावे लोकांना आवडते: आता गुलाम म्हणून नव्हे, प्रिय भाऊ म्हणून. अठरा-एकोणीस टाळले जाते, कारण त्यात पैसा आहे. ते देणे माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, असे पौल स्वतःच्या हाताने लिहीत असल्याचे सांगतो. म्हणजे ती जवळजवळ वचनचिठ्ठीच. आणि लगेच खोच मारतो की तू स्वतःच माझा देणेकरी आहेस, ते मी काढत नाही. कॅथलिक मिस्सात हे पत्र रविवारी तीन वर्षांतून एकदा येते, आणि त्या वाचनात नऊ-दहा व बारा ते सतरा एवढीच वचने असतात. देण्याचा भाग रविवारच्या कानांवर पडतच नाही. म्हणून तो मुद्दाम दोनदा वाचा.

इथे प्रश्न घरचा करा. घोडबंदर रोडच्या किंवा पाम बीचच्या टॉवरमध्ये कामवाल्या ताईंना कोणती लिफ्ट? ‘मला घेशील तसे घे’ म्हणजे तिने कुठे बसायचे, कोणत्या कपात चहा? कोणीतरी ‘आमची बाई घरच्यासारखीच आहे’ म्हणेल आणि सगळे माना डोलावतील. बैठक बहुधा इथेच घसरते. तेव्हा अठराव्यावर परत आणा: तिने घेतलेली उचल दर महिन्याला पगारातून कशी कापली जाते? नुकसान झाले, काच फुटली, तर भरते कोण? सोळावे वचन अठराव्याशिवाय फार स्वस्तात पडते.

दुसरी घसरण: पौलाने गुलामगिरी मोडायला सांगितले, असे ठोकून देणे. मुक्त कर, असे शब्द पत्रात नाहीत. ‘मी सांगतो त्याहूनही अधिक करशील’ हे एकविसावे वचन तिकडे बोट दाखवते, असे पुष्कळांचे वाचन आहे. अमेरिकेत १८५० च्या फरारी गुलाम कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ‘पौलाने गुलाम परत पाठवला’ म्हणून हेच पत्र पुढे केले, आणि विरोधकांनी सोळावे वचन. दोन्ही सांगा. सहावे वचनही जपून हाताळा: तिथला विश्वासातला सहभाग म्हणजे घरोघर जाऊन साक्ष देणे असे धरले, तर चर्चा भलतीकडे जाते.

फिलेमोनाने पुढे काय केले, हे शेवटी कोणी ना कोणी विचारतेच. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नातियस याने इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात अनेसिम नावाचा बिशप आहे. हे नाव गुलामांत सर्रास असे, म्हणून तोच हा, असे सांगू नका. फिलेमोनाचे उत्तर आपल्याकडे नाही. त्याऐवजी उरलेल्या दहा मिनिटांत प्रत्येकाला ते लिहायला लावा: पाच ओळी, पौलाला उद्देशून, आणि त्यात देण्याच्या रकमेचा उल्लेख झालाच पाहिजे.