थंड पाण्यात तेलकट डाग काढताना

तेल सांडलं की हात आधी नळाकडे जातो आणि काम तिथेच बिघडतं. कापड ओलं झालं की धाग्यांमधल्या बारीक पोकळ्यांत पाणी बसतं. मग वरून घातलेलं डिटर्जंट तेलाशी भिडण्याआधीच पातळ होतं. गरम पाण्यात हे थोडंफार खपून जातं, कारण उष्णतेनं तेल सैल पडतं. थंड पाण्यात तशी सवलत नाही. म्हणून डागावरची खरी मेहनत कापड कोरडं असतानाच करायची. पुढचं धुणं म्हणजे सुटलेलं तेल वाहून नेणं, एवढंच.

डाग ताजा असेल तर वरचा थर चमच्याच्या कडेने खरवडून घ्या आणि टिपकागदाने टिपा. पुसू नका, पुसल्याने डाग पसरतो. मग कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर डाग पूर्ण झाकला जाईल इतकी जाडसर भुरभुरवा आणि 20 ते 30 मिनिटं तशीच राहू द्या. पावडर ओलसर, गडद दिसू लागली की झटकून पुन्हा एकदा नवी टाका. जुन्या, मुरलेल्या डागावर याचा उपयोग नाही, तिथे हा वेळ वाचवा.

आता भांडी घासायचं लिक्विड किंवा कपड्यांचं लिक्विड डिटर्जंट पाणी न घालता थेट डागावर. अंगठ्याच्या नखाएवढ्या डागाला चार-पाच थेंब, तळहाताएवढ्या डागाला साधारण एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिलि. डागाखाली जुना पांढरा कपडा घडी करून ठेवा, नाहीतर सुटलेलं तेल मागच्या थरात उतरतं. बोटाने किंवा मऊ टूथब्रशने कडेकडून मध्याकडे मिनिटभर हलकेच चोळा आणि 30 मिनिटं मुरू द्या. लिक्विड वाळायला लागलं तर दोन-चार थेंब पाणी शिंपडा. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीपाशी एक थेंब लावून रंग सुटतो का ते पाहावं.

तेल कोणतं आहे यावर बरंच अवलंबून असतं. सूर्यफूल किंवा सोयाबीनचं तेल थंड पाण्यातही पातळच राहतं, ते तुलनेनं सहज सुटतं. खोबरेल तेल 24–25 अंश सेल्सियसच्या खाली गोठतं, लोणी तिशीच्या पुढे वितळतं आणि प्राण्यांची चरबी त्याहूनही उशिरा. असा डाग थेट गार पाण्यात घातला तर तो मेणासारखा धाग्याला चिकटून बसतो. तिथे लिक्विड लावून बोटांच्या उबेने दोन-तीन मिनिटं चोळत राहणं हाच उपाय. लेबलवर परवानगी असेल तर तेवढ्याच जागेवर कपभर कोमट पाणी ओतायला हरकत नाही. त्यासाठी सगळं धुणं गरम पाण्यात घालायची गरज नसते.

मग भिजवणं. 4 लिटर पाण्यात एक मोठा चमचा (15 मिलि) एन्झाइमयुक्त लिक्विड डिटर्जंट घालून कपडा दोन ते चार तास ठेवा. यातलं लायपेज हे एन्झाइम चरबीचे तुकडे पाडतं, पण थंडीत ते संथ चालतं, म्हणून अर्ध्या तासात चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. लोकर आणि रेशीम मात्र यात कधीच घालू नका. अशा डिटर्जंटमध्ये बहुधा प्रोटीएज हे प्रथिनं तोडणारं एन्झाइमही असतं, आणि हे दोन्ही धागे प्रथिनांचेच असल्याने ते त्यांनाही कुरतडतं. त्यांच्यासाठी लोकरीचं सौम्य लिक्विड वापरा, आणि तेही न घासता, फक्त दाबून.

मशीनमध्ये टाकण्यापूर्वी भांड्यांचं लिक्विड खळबळून काढा. ते मशीनमध्ये गेलं की फेसच फेस होतो. कपडे धुण्याची पावडर थंड पाण्यात नीट विरघळत नाही, तिचे पांढरे कण घड्यांत अडकतात, तेव्हा इथेही लिक्विडच घ्या. ड्रममध्ये वरून हाताची वीतभर जागा रिकामी ठेवा. कोंबून भरलेल्या ड्रममध्ये कपडे एकमेकांवर घासले जात नाहीत आणि सुटलेलं तेल दुसऱ्या कपड्यावर जाऊन बसतं. पाणी जड असेल तर साबणाची वडी टाळा, कारण तिचा पाण्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि एका डागावर दुसरा चढतो. ब्लीच तेल काढत नाही, फक्त रंग उडवतं. फॅब्रिक सॉफ्टनरही या फेरीत नको. त्याचा स्वतःचाच थर कापडावर बसतो.

ओल्या कापडावर तेलाचा डाग दिसत नाही, आणि बहुतेक जण फसतात ते इथे. कपडा सावलीत वाळवा आणि उजेडात आडवा धरून पाहा. गडद छटा दिसली तर पुन्हा कोरड्यावर लिक्विड, पुन्हा तीच फेरी. दोन-तीन फेऱ्या लागणं अगदी नेहमीचं आहे, पॉलिस्टरला तर जास्तच, कारण त्या धाग्याला पाण्यापेक्षा तेलाची ओढ अधिक. डाग पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री आणि ड्रायर दूर ठेवा. उष्णतेनं उरलेल्या तेलाची हवेशी प्रक्रिया वेगाने होते, ते पिवळं पडून घट्ट होतं, आणि मग कोणतंच डिटर्जंट फारसं कामी येत नाही.

यंत्राच्या ग्रीसमध्ये तेलाबरोबर काजळी आणि धातूचे कणही असतात. आधी लिक्विडने तेल सोडवा, काळपटपणा उरला तर कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टिपा, रंगाची चाचणी करूनच. हे काम खिडकी उघडी ठेवून, शेगडीपासून लांब. अल्कोहोलने ओला कपडा तसाच मशीनमध्ये टाकू नका. आधी हवेवर पूर्ण उडू द्या.