जुना सर्व्हर घरी लावताय? या चुका टाळा

भंगारातून वीस वर्षांपूर्वीचा सर्व्हर उचलायचा, धूळही न झटकता प्लग लावायचा आणि मग "काका, चालूच होत नाही" म्हणून मला फोन करायचा, ही आता रीतच झाली आहे. वाळूजच्या एमआयडीसीतून निघालेलं मशीन वर्षानुवर्षं गोदामात पडून असतं. अजून एक दिवस थांबलं तर काय बिघडतं?

धूळ काढायला पंक्चरवाल्याकडे नेऊ नका, त्याच्या हवेत पाणी असतं. साधा ब्रश आणि ब्लोअर पुरतो.

परदेशातून आलेल्या मशीनच्या सप्लायवर, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मागे लाल स्विच असेल, तर तो आधी बघा. ११५ वर असताना आपले २३० व्होल्ट दिले की आतले कपॅसिटर फुटतात, आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर ते बदलल्याशिवाय पुढे जाऊच नका. मी नुसत्या सप्लायला पहिला करंट टीव्ही मेकॅनिकच्या सिरीज बोर्डातूनच देतो, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून. बल्ब क्षणभर पेटून विझत आला तर ठीक, भगभगीत राहिला तर आत शॉर्ट. यूट्यूबवर हे कोणी दाखवत नाही, कारण त्यात मजा नाही.

आता अर्थिंग. यावर बोलून माझा घसा बसला आहे.

परभणीकडच्या एका पोराने सीरियल केबलने सर्व्हर जुन्या पीसीला जोडला आणि सर्व्हरचा कॉम पोर्ट, म्हणजे ती केबल लागते तो, गेला. त्याने नव्या पोर्टचं कार्ड टाकलं, तेही गेलं. मग लिनक्स पुन्हा टाकलं, केबल बदलली, ड्रायव्हरला शिव्या घातल्या. मी गेलो आणि कॅबिनेटच्या स्क्रूला टेस्टर लावला, तर लख्ख पेटला. सप्लायच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर थोडा करंट कॅबिनेटवर सोडतात. अर्थिंग नसेल तर त्याला जायला वाट नसते आणि पत्र्यावर ११५ च्या आसपास व्होल्ट उभे राहतात. केबल जोडताना ते पोर्टमधून वाट काढतात.

"अर्थिंग आहे की काका," म्हणत त्याने मशीन काढून सॉकेटवर मल्टीमीटर लावला. फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ पूर्ण व्होल्टेज! पण मीटरला करंट लागतोच किती? तुटक्या अर्थिंगवरही तो व्होल्ट दाखवतो. वायरमनने तिथेच शंभरचा बल्ब लावला, तार लालसुद्धा झाली नाही. अंगणातला खड्डा बघितला तर काळी माती बोट जाईल इतकी भेगाळलेली, पाइपवरचा नट गंजून भुगा झालेला. नट बदलला, मीठ-कोळसा भरला, पाणी ओतलं. टेस्टर विझला. चैत्र लागला की मी आमच्या खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओततो. बल्बची तपासणी मात्र वायरमनकडूनच करून घ्या.

स्कझी डिस्क (जुन्या सर्व्हरमधल्या, एकाच केबलवर ओळीने जोडलेल्या हार्ड डिस्क) दिसत नसतील तर डिस्कला दोष देण्याआधी साखळी बघा. दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे साखळीचं टोक बंद करणारा तुकडा, हवा, मध्ये कुठेही नको. प्रत्येक डिस्कचा आयडी वेगळा आणि ७ बहुधा स्कझी कार्डाचाच. एलव्हीडी (स्कझीचा नंतरचा, वेगवान प्रकार) डिस्कवर स्वतःचं टर्मिनेशन नसतं, ते केबलच्या टोकाला लावावं लागतं. दोन डिस्कना एकच आयडी देऊन रात्रभर बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ बटण सेल बदला, बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) नव्याने फ्लॅश करत बसू नका. रजिस्टर्ड रॅममध्ये (ही सर्व्हरची खास रॅम) साधी मिसळू नका. लाइट जाऊन आली की लगेच बटण दाबू नका, व्होल्टेज स्थिर होऊ द्या. मे महिन्यात दुपारी मशीन बंदच ठेवा, पत्र्याच्या खोलीत तर नक्कीच.

आणि विंडोज २००० चा सपोर्ट जुलै २०१० मध्येच संपला. राउटरचे पोर्ट उघडून तो इंटरनेटवर ठेवणाऱ्यांनी निदान मला फोन करू नये.