मांजर घरात लघवी करू लागल्यास काय करावे

मराठवाड्यात मांजर पाळण्यामागे बहुधा धान्याची राखण हे कारण असते. ज्वारीची पोती, हरभऱ्याची कणगी आणि माळवदाच्या घरातील अंधारी कोठी उंदीर-घुशींपासून वाचवायची, तर मांजरासारखा सोबती नाही. तेच मांजर एके दिवशी अंथरुणावर, वाकळीवर किंवा कोठीच्या कोपऱ्यात लघवी करू लागते आणि घरातील वडीलधारी माणसे त्याला पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून यायला सांगतात. हा उपाय निर्दयी आहे आणि निरुपयोगीही, कारण वास घरातच राहतो आणि त्या वासावर पुढचे मांजरही तीच जागा धरते. मांजर सूड म्हणून किंवा खोडी म्हणून असे करत नाही. त्यामागे काही तरी कारण असते आणि योग्य क्रमाने शोध घेतल्यास ते बहुतेक वेळा सापडते.

आधी नीट पाहावे

मांजर लघवी करते आहे की फवारते आहे, हे सर्वप्रथम ओळखावे. लघवी करताना मांजर पुढच्या पायांनी जागा उकरते, वास घेते, खाली बसते आणि सपाट पृष्ठभागावर बरीच लघवी करून पुन्हा उकरते. फवारणारा बोका मात्र दाराच्या चौकटीकडे किंवा पोत्यांच्या थप्पीकडे पाठ करून उभा राहतो, शेपटी ताठ वर उचलतो, तिचे टोक थरथरते आणि उभ्या पृष्ठभागावर थोडीशी पिचकारी मारून तो निघून जातो. पहिल्या प्रकारात आजार किंवा जागेची अडचण असण्याची शक्यता जास्त असते. दुसऱ्या प्रकारात हद्दीचा किंवा माजाचा प्रश्न असतो, आणि माजावर आलेली भाटीही (मादी मांजरही) अशी फवारते. जागा सापडत नसेल, तर नोटा तपासण्याचा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च अंधारात जमिनीवर फिरवावा. वाळलेल्या लघवीचे डाग त्या प्रकाशात बहुधा चमकतात.

मग आजाराची शंका फेडावी

सवय लावण्याचे कोणतेही उपाय करण्यापूर्वी पशुवैद्यकाकडे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. मूत्राशयाचा दाह, मूतखडे, मधुमेह आणि म्हाताऱ्या मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा आजार किंवा सांधेदुखी यांपैकी काहीही असले, तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे भलत्या जागी लघवी. लघवी करताना दुखले की मांजर त्या दुखण्याचा संबंध त्या जागेशी जोडते आणि दुसरी, मऊ जागा शोधू लागते.

यात एक अवस्था अशी आहे की सकाळपर्यंतही थांबू नये. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते आणि खडे किंवा चिकट गाळ अडकून ती पूर्ण बंद होऊ शकते. असा बोका वारंवार बसतो, जोर लावतो, ओरडतो, लघवीची जागा सतत चाटतो, आणि तरी थेंबभरही लघवी होत नाही किंवा रक्ताचे थेंब पडतात. घरच्यांना हे बद्धकोष्ठ वाटते आणि एरंडेल पाजण्यात वेळ जातो. एक-दोन दिवसांत उपचार झाले नाहीत, तर अशा मांजराचा जीव जाऊ शकतो. दुखणे कमी व्हावे म्हणून माणसाची गोळी तर कधीच देऊ नये, कारण पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेण्यास पुरेशी असते.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचीच वर्दळ असते, म्हणून मांजर नेण्यास अनेकांना संकोच वाटतो. तो बाळगू नये. तेथे सोय नसल्यास परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. मांजर पोत्यात कोंबून न नेता झाकणाच्या, हवा खेळत्या टोपलीत न्यावे. लघवी केव्हापासून, कोठे, किती आणि किती वेळा होते, हे कागदावर लिहून नेल्यास डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते.

मांजर मुळातच पाणी कमी पिते. पारा ४२ अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी झपाट्याने कमी होऊन लघवी दाट होते. म्हणून घरात दोन-तीन ठिकाणी, खाण्याच्या भांड्यापासून दूर, पसरट भांड्यांत ताजे पाणी ठेवावे. केवळ कोरडे खाद्य देत असल्यास त्यात पाणी मिसळावे.

वास मुळापासून काढावा

घरोघरी चूक होते ती येथे. लघवीतील युरिक आम्लाचे स्फटिक साध्या पाण्याने विरघळत नाहीत. फरशी आपल्याला स्वच्छ वाटली, तरी मांजराच्या नाकाला तो वास येतच राहतो आणि ते पुन्हा तेथेच बसते. आधी जुन्या सुती कापडाने लघवी टिपून घ्यावी, चोळू नये. त्यानंतर एन्झाइम असलेली कपडे धुण्याची पावडर दहापट कोमट पाण्यात मिसळून ते पाणी डागावर दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावे, मग स्वच्छ पाण्याने पुसून जागा पूर्ण वाळवावी. प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइमयुक्त क्लीनर अधिक प्रभावी असतो. पाणी टँकरने येत असले, तरी ही पद्धत परवडते, कारण हिला पाण्यापेक्षा वेळ जास्त लागतो.

व्हिनेगर किंवा लिंबाचा रस वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो आपल्याकडील शहाबादी फरशीवर मात्र पाळू नये, कारण हा चुनखडीचा दगड आहे आणि आम्लाने त्याचा पृष्ठभाग खाल्ला जाऊन फरशी खरखरीत होते. अशा फरशीच्या सांध्यांत लघवी मुरते, तेव्हा सांधे जुन्या ब्रशने घासून काढावेत. जमीन शेणाने सारवलेली असेल, तर वरून कितीही पोतेरे फिरवले तरी वास खालीच राहतो. तेवढ्या भागाचा दोन-तीन बोटे जाडीचा थर उकरून फेकावा, नवी माती भरून चोपावी आणि मगच सारवावे.

फिनेल वापरू नये. त्यातील फिनॉलसारखे घटक मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पाण्यात टाकताच दुधाळ होणारी जंतुनाशके मांजराच्या पंजाला लागून चाटण्यावाटे पोटात जातात, म्हणून तीही टाळावीत. ब्लीचिंगचे द्रावण लघवीवर ओतल्यास विषारी वायू तयार होतो, तोही धोका पत्करू नये.

मांजराला आवडेल अशी जागा द्यावी

घरात एकच मांजर असले, तरी त्याच्या लघवी-शीसाठी शक्यतो दोन पेट्या ठेवाव्यात. दोन मांजरे असल्यास तीन. पेटी म्हणजे महागडी वस्तूच हवी असे नाही. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजराची जेवढी लांबी, तिच्या दीडपट लांबीचा पसरट प्लास्टिकचा टब पुरतो. म्हाताऱ्या मांजरासाठी त्याची एक बाजू बुटकी कापावी. त्यात दोन बोटे जाडीचा, बिनवासाच्या बारीक लिटरचा (मांजराच्या पेटीत घालण्यासाठी विकत मिळणाऱ्या दाण्यांचा) किंवा चाळलेल्या बारीक वाळूचा थर द्यावा. शेतातील काळी माती भरू नये. ती ओली झाली की चिखलासारखी पंजांना चिकटते आणि मांजर पेटीकडे फिरकेनासे होते.

पेटी खाण्याच्या भांड्याजवळ, गरगरणाऱ्या कूलरपाशी किंवा येण्या-जाण्याच्या वाटेवर नको. दुपारी तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली पेटी एप्रिल-मेमध्ये मांजर वापरणार नाही, आणि तो दोष मांजराचा नाही. घाण रोज काढावी आणि आठवड्यातून एकदा साध्या साबणाने पेटी धुवावी. गरोदर स्त्रीने हे काम करू नये, कारण मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाज्मा या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. विष्ठेतील हे जंतू संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजच्या सफाईने धोका पुष्कळ कमी होतो.

कापसाची खोली

हा प्रश्न आपल्या भागातला असल्याने वेगळा सांगतो. भाव वाढेल या आशेने वेचलेला कापूस घरातच एका खोलीत रचून ठेवण्याची रीत परभणी, जालना, बीडकडे सर्वत्र आहे. मांजराला तो ढीग म्हणजे मऊ, कोरडी, उकरता येणारी आयती जागा वाटते. ते ढिगावर चढते, एकाच ठिकाणी दोन-तीनदा गोल फिरते, पंजाने कापूस मागे ओढते आणि बसते. वरून काही दिसत नाही, पण आत कापूस पिवळा पडतो आणि त्याचा भाव उतरतो. यावर ओरडून काही साधत नाही. खोलीचे दार बंद ठेवावे, दार नसल्यास ढिगावर जाड ताडपत्री ताणून बांधावी आणि भिजलेला कापूस त्या वासासह बाहेर काढावा. त्याच दिवशी खोलीच्या बाहेर, दारालगत मऊ वाळूची पेटी ठेवावी. मांजर ती नियमित वापरू लागले की मग पेटी रोज थोडी थोडी सरकवत हव्या त्या जागी न्यावी. गाद्या आणि वाकळींचेही असेच करावे. दिवसा त्या गुंडाळून उंचावर ठेवाव्यात. मांजराने धरलेला कोपरा स्वच्छ धुतल्यावर तेथे त्याचे खाण्याचे भांडे ठेवावे, कारण जेथे खाते तेथे मांजर सहसा घाण करत नाही.

भीती, भांडण आणि माज

घरातील लग्नकार्य, पाहुण्यांची गर्दी, बांधकाम, दिवाळीचे फटाके किंवा नवे मांजर यांमुळे भेदरलेले मांजरही अस्थानी लघवी करते. अशा दिवसांत त्याला एक शांत खोली, तेथेच पाणी, खाणे आणि दुसऱ्या कोपऱ्यात पेटी द्यावी. लघवीत नाक घासणे किंवा मारणे या जुन्या शिक्षा बंद कराव्यात. त्यातून मांजर एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग ते कपाटामागे, माळ्यावर, जेथे आपला हात पोहोचत नाही तेथे जाऊ लागते.

फवारणाऱ्या बोक्याची पाच-सहा महिन्यांच्या वयापासून नसबंदी करता येते आणि हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. सुमारे १० टक्के बोके आणि ५ टक्के भाट्या शस्त्रक्रियेनंतरही फवारतात. तेथे बहुधा बाहेरचा बोका कारणीभूत असतो. तो ज्या खिडकीतून दिसतो तिचा खालचा भाग कागदाने झाकावा आणि अंगणात उघड्यावर खाणे ठेवणे थांबवावे. शस्त्रक्रियेनंतरही शरीरातील संप्रेरके ओसरण्यास काही आठवडे लागतात, तेवढा काळ धुणे-पुसणे चालू ठेवावे. बरे झालेल्या मांजराने पुन्हा वारंवार पेटीकडे फेऱ्या मारायला सुरुवात केली, तर पेटी बदलण्याआधी दवाखाना गाठावा.