पियानोची शिकवणी आणि अडलेली ओळ

लेकीला पियानो शिकवणारं म्हापशात कुणी सहज मिळेना. शेवटी पणजीला कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात आणि जवळच्या चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, चौकशी केली. गोव्यात चर्चच्या शाळांतून नोटेशन, म्हणजे सुरांची लिपी, शिकवण्याची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची, त्यामुळे माहीतगार माणूस तिथेच भेटतो. ग्रेडच्या परीक्षा किती लवकर होतील, हे मी विचारलंच नाही. पहिल्या तासाला टीचर काय बघतात, एवढंच पाहिलं. त्यांनी आधी स्टुलाची उंची बदलून लेकीचं कोपर पट्ट्यांच्या पातळीत आणलं. मग म्हणाल्या, "बाय, फक्त डावा हात वाजव बघू." तिथेच माझं ठरलं.

रियाजाची घडीही त्यांनीच बसवली. लेक रोज पहिल्यापासून वाजवायची आणि त्याच ओळीत अडायची. आता सुरुवातच त्या ओळीपासून. आधी एकेक हात, मेट्रोनोम (लय धरायला ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, मग दोन्ही. तीनदा सलग बिनचूक आलं की 64, नाहीतर परत खाली. कुठल्या सुराला कुठलं बोट, ते पेन्सिलीने लिहिलेलं असतं. बोटं रोज बदलली तर हात बसतच नाही. ओळ जमली की आधीचा एक बार (तालाचं एक आवर्तन) जोडून वाजवायचा, कारण हात बहुधा जोडावरच अडखळतो.

वाद्याचं म्हणाल तर, आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगतं आणि तारांच्या पियानोचा सूर हलतो. म्हणून आम्ही 88 पट्ट्यांचा, दाबायला जड असा डिजिटल पियानो घेतला. हेडफोन लावला की रात्रीही रियाज होतो.