आजीचं बोलणं लॅपटॉपला नीट ऐकू येईना, तेव्हा

इंदूरच्या रामबागेत आमचं जुनं घर. आजीच्या आठवणी रेकॉर्ड करून सॉफ्टवेअरकडून मराठीत उतरवून घ्यायच्या, असं मी ठरवलं. १९८४ साली होळकरांचा राजवाडा जळाला, तेव्हाचं तिला लख्ख आठवतं. पण रेकॉर्डिंग सुरू केलं, तर पडद्यावरची आवाजाची पट्टी हलेचना.

तो अडथळा परवानगीचा निघाला. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोन आहे, तिथे डेस्कटॉप अ‍ॅप्सचं बटण चालू केलं.

खरा त्रास पुढे होता. मजकूर तुटक यायचा, अर्धे शब्द गायब. दोन दिवस मी सॉफ्टवेअरच बदलत बसलो. शेवटी रेकॉर्डिंग नुसतं कान देऊन ऐकलं (हे सगळ्यात आधी करा), तर आजीचा आवाज जुन्या फोनवरून आल्यासारखा बसका! कारण होतं माझा ब्लूटूथ हेडसेट. त्याचा माइक सुरू झाला की तो कॉलच्या मोडमध्ये जातो आणि जुन्या हेडसेटमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० च नमुने (म्हणजे आवाजाची मोजमापं) घेतले जातात. बोलणं ओळखणारी सॉफ्टवेअरं बहुधा १६,००० धरून चालतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतला फरक वरच्या कंपनांत असतो, तोच पुसला जात होता.

तारेचा कॉलर माइक लावला, हनुवटीखाली वीतभर अंतरावर. पंखा बंद केला. भाषा ‘ऑटो’ वर होती, ती ‘मराठी’ केली. आमच्या इंदुरी बोलण्यात हिंदी इतकी मिसळलेली की मजकूर मधेच हिंदी व्हायचा.

परवा आजीला पहिलं पान वाचून दाखवलं. “हो रे, अस्संच बोलले मी,” म्हणाली.