सिंहासन मागतोय? देऊन टाका

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन गोष्ट खेळायचा खेळ. त्याच्या प्रत्येक टेबलावर असा एक जण असतोच. पहिल्या सेशनला पाटलाला दम देतो, तिसऱ्याला गावाचा खजिना मागतो, आणि पाचव्या लेव्हलला फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, हाती आला की बोलणी करणं सोडूनच देतो. नेरूळला आम्ही रविवारी डी अँड डी खेळतो, तिथे हा मान एका सीएकडे आहे. आठवडाभर दुसऱ्यांचे हिशेब तपासायचे आणि रविवारी सैतानाशी करार करून जादू मिळवलेला वॉरलॉक होऊन राज्य मागायचं.

डीएम म्हणजे खेळ चालवणारा, बाकीचं सगळं जग सांभाळणारा. नवा डीएम अशा वेळी आकाशातून ड्रॅगन उतरवतो. एकदाची जिरवली! पण हे जगाने केलं नाही, डीएमने केलं, हे खेळाडूला लगेच कळतं. मग सामना त्या दोघांतच रंगतो आणि बाकीचे मोबाइल काढून बसतात.

मी प्रत्येक दांडगाईनंतर वहीत तीन ओळी लिहिते. कोणी पाहिलं, कोणाचं नुकसान झालं, कोणाचं फावलं. पुढच्या सेशनला जे घडेल ते यातूनच. तिसरी ओळ बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही, आणि खरी मजा तिथेच असते.

आमच्या कॅम्पेनमधलं, म्हणजे रविवारामागून रविवार चालणाऱ्या गोष्टीतलं, बंदर मी ठाण्याच्या खाडीवरून उचललंय: मिठागरं, होडीवाले, जकातनाका. वॉरलॉकने नाक्यावर फायरबॉल टाकला. वीस फूट त्रिज्या, आणि अंगावर किंवा हातात नसलेली जळण्यासारखी प्रत्येक वस्तू पेटते, हे नियमातच आहे. म्हणजे दप्तरंही गेली. होडीवाल्यांनी पाहिलं. कारकुनाचं घर उघडं पडलं. फावलं मिठाच्या व्यापाऱ्यांचं. त्यामुळे पुढच्या रविवारी शिपाई आलेच नाहीत. व्यापारी आले, शाल-श्रीफळ घेऊन: "आता नाका तुम्हीच चालवा, मालक."

गडी खूश! मग महिनाअखेरीला राजाचा माणूस वसुली मागायला आला. दप्तर जळालेलं, देणार काय? कारकुनाची बायको दारात धरणं धरून बसली. होडीवाल्यांनी आधी भाडं वाढवलं, नंतर अंधार पडल्यावर त्याला होडीत घेणंच बंद केलं. यातलं काहीही फायरबॉलने सुटत नाही. उरलेला नाका जाळला तर नुकसान त्याचंच. शेवटी त्याने सोबतच्या बार्डला, म्हणजे गोडबोल्या गवयाला, समेटासाठी पाठवलं, आणि 'रोग'ला, म्हणजे चोराच्या पात्राला, जुन्या पावत्या शोधायला लावलं. असे परिणाम निवडा, ज्यांत बाकीच्यांनाही काम मिळतं.

निम्मं काम नियमच करतात, फक्त ते विसरू नका. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत चार्म पर्सन या भुलवायच्या मंत्राचा अंमल संपला की आपल्यावर जादू झाली होती आणि ती कोणी केली, हे समोरच्याला कळतं. मंत्राची मुदत एक तास. म्हणजे भुलवून स्वस्तात घोडा घेतलात, तर तासाभराने घोडेवाला मागावर निघालेला असतो. वॉरलॉकचा तर मालकही ठरलेला असतो. नोकर परस्पर राजा होतोय म्हटल्यावर तो वाटा मागणारच.

फासे टाकण्याआधी मात्र सगळं स्वच्छ सांगा. "नाका लाकडी आहे, आत कारकून आहे, होडीवाले बघतायत. टाकतोस?" हो म्हणाला की पुढची तक्रार बंद. होडीवाल्यांच्या रागाचं मी सहा खणांचं वर्तुळ काढते आणि सगळ्यांसमोर ठेवते. प्रत्येक आगळिकीला एक खण काळा. चौथा खण भरला की मंडळी आपणच त्याला आवरायला लागतात.

हे सगळं कॅरेक्टरच्या हावेसाठी. खेळाडूच दुसऱ्यांचा टर्न खात असेल, कोणाच्या कॅरेक्टरवर त्या खेळाडूला नको असताना मंत्र टाकत असेल, तर गेममधली शिक्षा कामाची नाही. मी सेशनच्या आधी स्टेशनबाहेर चहाला बोलावून स्पष्ट सांगते. फरक पडला नाही, तर पुढच्या रविवारी कुठे आणि किती वाजता भेटायचं, तो मेसेज त्याला जात नाही.