शिकारीचं ओझं वाहायला सॅक घेताय? आधी फ्रेम बघा, पिशवी नंतर

परवाना, सीझन, बूट, चाकू हे सगळं तुमचं झालेलं आहे असं धरून चालतो. प्रश्न फक्त सॅकचा. आणि सॅकवर जे सल्ले मिळतात ना, ते जवळजवळ सगळे जातानाच्या ओझ्याबद्दल असतात. जाताना पाठीवर 15-18 किलो, ते कुठल्याही बऱ्या सॅकमध्ये जातं हो. खरा खेळ येताना असतो. शिकारीचं मांस पाठीवरच आणायचं असतं. एल्कसारखं (उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण) मोठं जनावर असेल तर एक फरा, म्हणजे मागचा अख्खा पाय, हाडासकट 25-30 किलो सहज भरतो, वर तुमचा तंबू, झोपायचं सामान, राहिलेलं खाणं आहेच. दोन-तीन खेपा कराव्या लागल्या तरी प्रत्येक खेप जडच असते. तेव्हा सॅक घ्यायची ती शेवटच्या दिवशीच्या ओझ्यासाठी.

लिटरच्या हिशोबात फार अडकू नका. 4-5 दिवस राहणार असाल तर 80-100 लिटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर 40-50. झालं.

रिकाम्या सॅकचं वजन 2.5-3 किलो निघालं की लोक लगेच नाक मुरडतात. मुरडू नका. एक किलोची हलकी सॅक हातात घेऊन फार छान वाटते पण तिच्यात पाठीला उभं धरणारी भक्कम फ्रेम, म्हणजे ताठ सांगाडा, नसते, 30 किलो टाकले की ती मधून वाकते आणि पाठीवर पोत्यासारखी बसते. आतल्या अल्युमिनियमच्या पट्ट्या असोत, कार्बन फायबर असो नाहीतर बाहेरची फ्रेम असो, मला फरक पडत नाही, फक्त वजनाखाली ती दबली नाही पाहिजे.

पिशवी फ्रेमपासून सुटी होऊन मधे जागा होते का तेही बघा. मांस त्या जागेत, फ्रेमला चिकटून बांधायचं आणि पिशवी त्याच्यावर आवळायची. वजन पाठीला लागून राहतं आणि रक्त तुमच्या स्लीपिंग बॅगपर्यंत पोचत नाही. मांस मऊ असतं, चालता चालता ते खाली घसरतं, त्यामुळे खालून आधार देणारा कप्पा आणि बाजूने आवळायचे निदान दोन-दोन पट्टे हवेतच.

आता मुख्य गोष्ट, जिथे मी स्वतः दोन वर्षं मार खाल्ला. पाठीचं माप.

माझी उंची बेताची आहे, दुकानात त्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि मीडियम साइज हातात दिली. मीही घेतली. पहिल्याच मोठ्या शिकारीत परतताना तासाभरात सॅकचा कमरेचा बेल्ट हाडावरून वर सरकून पोटावर आला, श्वास घेताना टोचायला लागला म्हणून मी तो सैल केला, आणि मग सगळं ओझं खांद्यावर. मुक्कामी पोचलो तेव्हा उजव्या हाताची बोटं इतकी बधिर झाली होती की छातीवरचं बकल दोन्ही हातांनीही उघडेना, मित्राने उघडून दिलं. खांद्याच्या पट्ट्याने तिथल्या नसा दाबल्या जातात, हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही, काही जणांचा हात आठवडे-आठवडे कमजोर राहतो. मी काय केलं? खांद्याला जास्त जाड पॅडिंग घेतलं! पुढच्या वर्षी परत तेच. शेवटी एकाने टेप लावून मोजलं तेव्हा कळलं, पाठ 50 सेंटीमीटर आणि फ्रेम 45 वर बसवलेली.

तर उंचीवरून साइज सांगणाऱ्या कोणाचंही ऐकू नका. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते, सगळी उंची पायात असते. मान खाली वाकवा, मानेच्या मुळाशी जे हाड टोकदार वर येतं तिथे खूण करून घ्या आणि परत ताठ उभे राहा. मग दोन्ही हात कमरेवर, अंगठे मागे, कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपडून त्यावर टेकवा. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ ते मानेची खूण, हे तुमचं माप. शिंप्याच्या मऊ टेपने, पाठीच्या बाकाला धरून, आणि दुसऱ्याने मोजायचं, स्वतःचं स्वतः मोजलं की हमखास चुकतं. दोन मापांच्या मधे आलात तर माझं मत, लांब घ्या. जड ओझ्याला फ्रेमचं टोक खांद्याच्या वर थोडं तरी गेलंच पाहिजे, कारण खांद्याच्या पट्ट्यावरून फ्रेमकडे जे छोटे पट्टे जातात ते वर चढत जायला हवेत, साधारण 45 अंशात. ते आडवे दिसले तर फ्रेम तुम्हाला आखूड आहे, कितीही ओढा, खांद्यावरचं वजन उचललं जाणार नाही.

1952 साली अमेरिकेत डिक केल्टी नावाच्या माणसाने अल्युमिनियमची फ्रेम आणि कमरेला पट्टा असलेल्या सॅक विकायला काढल्या, म्हणजे ओझं कमरेने उचलायचं असतं हे कळून सत्तर वर्षं होऊन गेली, आणि अजून लोक दुकानात खांद्याचं पॅडिंग दाबून बघतात.

घेण्याआधी, नाहीतर परत करायची मुदत आहे तोवर, वजन टाकून चाला. 25-30 किलो वाळू एका वेगळ्या पिशवीत भरून ती घोंगडीत गुंडाळा आणि फ्रेमवर, पाठीच्या मधोमध येईल अशी बांधा. सगळे पट्टे सैल करून सुरुवात करायची. आधी बेल्ट, अर्धा हाडाच्या काठाच्या वर अर्धा खाली, वाटतं त्यापेक्षा घट्ट. मग खांदे, फक्त टेकतील इतकेच. मग वरचे छोटे पट्टे, छातीचा सगळ्यात शेवटी. बेल्टची पॅडं पुढे एकमेकांना भिडत असतील तर तो बेल्ट तुम्हाला मोठा आहे, आठवडाभर डोंगरात पोट आत गेलं की आवळायला जागाच उरणार नाही.

बेल्टच्या वरच्या काठाला पॅंटवर खडूने रेघ मारा आणि एक तास जिने चढा-उतरा. पहिली दहा मिनिटं सगळ्याच सॅक छान वाटतात, त्यावर जाऊ नका. तासाने बेल्ट रेघेच्या दोन बोटं खाली आला असेल तर आधी फ्रेमच्या अल्युमिनियमच्या पट्ट्या असतील तर त्या तुमच्या कमरेच्या बाकाप्रमाणे वाकवून बघा, तरीही घसरला तर सॅक परत. मांडीची बाहेरची बाजू बधिर होत असेल तर बेल्ट खाली बसून नस दाबतोय, तो वर घ्या.

कापड 500 डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पुरे. चेन मोठ्या दात्यांच्या बघा, मातीने बारीक चेन अडकते.

भरलेली सॅक खांद्याच्या पट्ट्याला धरून कधी उचलू नका, शिवण तिथेच उसवते. वरच्या कडीला धरून आधी मांडीवर, मग पाठीवर. रक्त लागलेली फ्रेम त्याच दिवशी गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. आणि बेल्टचं एक जादा बकल खिशात ठेवा, शिवण न उसवता बसवता येतं तसलं, कारण ते तुटतं तेव्हा नेमका फरा पाठीवर असतो.